वर्गातील वाद आणि डेरोझिओ
वादग्रस्त विषय वर्गात काढावेत काय, हा प्रश्न कलकत्त्याच्या हिंदू कॉलेजात १८३१ साली ऐरणीवर आला. हेन्री डेरोझिओ १८२६ पासून तेथे शिकवीत. ईश्वर आहे की नाही, यावरही ते विद्यार्थ्यांशी मोकळेपणाने बोलत. व्यवस्थापकांनी त्यांचे म्हणणे न ऐकताच त्यांना काढण्याचे ठरविले. एप्रिलमध्ये राजीनामा देऊन त्यांनी संस्कृत पंडित विल्सन यांना पत्राने कळविले, की आपण ह्यूमच्या शंका शिकविल्या, तशी रीड व स्ट्युअर्ट यांची उत्तरेही शिकविली. त्याच डिसेंबरात, अवघ्या बाविसाव्या वर्षी, पटकीने त्यांचे निधन झाले.

न पटणारी बाजूही तितक्याच प्रामाणिकपणे मांडणे, हे आजही शिक्षकाचे पहिले कर्तव्य आहे. निर्णय विद्यार्थ्यांनी घ्यावा.