मालगाडीचा डबा

'ओपनहायमर' हा चित्रपट २०२३ साली आपल्याकडे बऱ्याच जणांनी पाहिला असेल. त्यात एक छोटासा प्रसंग आहे. अमेरिकेचे युद्धमंत्री स्टिम्सन बॉम्बसाठी निवडलेल्या जपानी शहरांच्या यादीतून क्योतोचे नाव काढून टाकतात आणि कारण काय देतात, तर आपण मधुचंद्राला तिथे गेलो होतो! या वाक्याला हशा पिकतो. मी ज्या शहरात राहतो आणि नोकरी करतो ते शहर कसे वाचले, याचा असा विनोद झालेला पाहून हसावे की नाही ते कळत नाही. बरं, तो विनोद खराही नाही. स्टिम्सन यांचे लग्न १८९३ सालचे आणि क्योतोची भेट १९२६ सालची. तेहतीस वर्षांनी कोण मधुचंद्राला जातो?

खरी हकिकत अशी. १०-११ मे १९४५ ला लॉस अलामोसमध्ये लक्ष्ये निवडणाऱ्या समितीची बैठक झाली. तिच्या यादीत क्योतो आणि हिरोशिमा अगदी वरच्या श्रेणीत होते. क्योतोची वस्ती दहा लाखांची. शिवाय हे विद्येचे माहेरघर, म्हणजे इथल्या लोकांना या नव्या अस्त्राचे महत्त्व जास्त चांगले कळेल, असेही कारण कागदावर नोंदलेले आहे. नेम धरायची जागा होती उमेकोजीचे रेल्वे शेड. १९१४ साली बांधलेले हे अर्धगोलाकार इंजिन शेड आजही उभे आहे आणि २०१६ पासून क्योतो रेल्वे म्युझियमचा भाग आहे. सुट्टीच्या दिवशी आईबाप मुलांना घेऊन तिथे वाफेची इंजिने बघायला येतात. स्टिम्सन यांनी हट्ट धरून क्योतोचे नाव काढायला लावले, राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांनी मान्यता दिली, आणि जुलैच्या अखेरीस यादीत एक नवे नाव आले - नागासाकी.

पुढचे आपल्याला माहीत आहे. फक्त एक तपशील सहसा माहीत नसतो, आणि आजचा लेख त्याच्याबद्दलच आहे.

९ ऑगस्टला नागासाकीवर बॉम्ब टाकणाऱ्या बी-२९ विमानाचे नाव 'बॉक्सकार'. हे विमान एरवी कॅप्टन फ्रेडरिक बॉक उडवायचे. 'बॉक्सकार' म्हणजे मालगाडीचा बंद डबा, आणि 'बॉकची कार' अशीही त्याची फोड होते. म्हणजे नावच कोटी आहे. त्या दिवशी विमानांची अदलाबदल झाली होती. बॉक दुसऱ्या विमानात होते आणि 'बॉक्सकार' मेजर स्वीनी यांच्या हाती होते. मूळ लक्ष्य कोकुरा. तिथे ढग आणि धूर, म्हणून ते नागासाकीकडे वळले. मोहीम पार पडल्यावर विमानाच्या नाकावर एक चित्र रंगवले गेले: पंख फुटलेला मालगाडीचा डबा, आणि सॉल्ट लेकपासून नागासाकीपर्यंत जाणारा रेल्वेमार्ग. (या तुकडीचे प्रशिक्षण सॉल्ट लेकच्या बाजूला, वेंडोव्हर इथे झाले होते.) खुद्द बॉम्बवरही 'जॅन्कफू' अशी अक्षरे होती. लष्कर, नौदल आणि मुलकी लोक यांनी मिळून घातलेला गोंधळ, अशा अर्थाचा बराकीतला चावट शब्द. १९४५ संपेपर्यंत नागासाकीत सत्तर हजारांच्या आसपास माणसे मेली.

म्हणजे यादीतले एक नाव बदलले नसते, तर चित्रातला तो रेल्वेमार्ग कदाचित उमेकोजीच्या शेडपर्यंत आला असता.

मला त्या चित्रकाराला दोष द्यायचा नाही. युद्धावर गेलेली विशी-पंचविशीतली पोरे विमानांवर बायका, कार्टून, शिव्या काय वाटेल ते रंगवत. उद्या परत येऊ की नाही याची खात्री नसलेल्या माणसाला विनोद लागतो. आपल्याकडे स्मशानातून परतताना लोक काय कमी विनोद करतात? प्रश्न सुरू होतो तो विमान म्युझियममध्ये गेल्यावर. तिथे विनोद करणारा नसतो, त्याची भीतीही नसते. उरतो तो फक्त विनोद, आणि तो कसा दाखवायचा हे म्युझियमच्या प्रमुखाला ठरवावे लागते.

'बॉक्सकार' १९६१ पासून ओहायोतल्या डेटनच्या हवाई दल म्युझियममध्ये आहे. चित्र तसेच आहे, शेजारी त्या बॉम्बची प्रतिकृती, आणि 'दुसरे महायुद्ध संपवणारे विमान' अशा अर्थाची पाटी.

टेक्सासमध्ये तर सगळी संस्थाच विनोदातून जन्मली. १९५७ साली काही हौशी वैमानिकांनी युद्धातले एक जुने मस्टँग विमान विकत घेतले. कोणीतरी त्यावर गमतीने 'कॉन्फेडरेट एअर फोर्स' असे रंगवले, म्हणजे गुलामगिरी टिकवण्यासाठी लढलेल्या दक्षिणेच्या नावाचे हवाई दल. नाव चिकटले. प्रत्येक सभासद 'कर्नल'! या लोकांनी जुनी विमाने भंगारात जाण्यापासून वाचवली, हे त्यांचे ऋण मान्य करायलाच हवे. पण ऑक्टोबर १९७६ मध्ये त्यांनी हार्लिंगनच्या एअर शोमध्ये हिरोशिमाचा प्रयोग लावला. बी-२९ चालवायला खुद्द पॉल टिबेट्स, म्हणजे हिरोशिमावर बॉम्ब टाकणारा वैमानिक. खाली दारू उडवून धुराची छत्री केली आणि प्रेक्षकांनी बघितले. हिरोशिमाचे महापौर अराकी यांनी निषेध केला, अमेरिकन सरकारला माफी मागावी लागली. टिबेट्स यांचे म्हणणे, कोणाला दुखवायचा हेतू नव्हता. मला ते खरे वाटते, आणि तीच खरी पंचाईत आहे. संस्थेने आपले नाव बदलले ते २००२ साली. एक थट्टा पुसायला पंचेचाळीस वर्षे लागली.

आता उलट बाजू बघा. वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय हवाई आणि अवकाश म्युझियमचे संचालक मार्टिन हार्विट हे खगोलशास्त्रज्ञ. युद्धसमाप्तीच्या पन्नासाव्या वर्षी, १९९५ साली, हिरोशिमावर बॉम्ब टाकणारे 'एनोला गे' विमान मांडायचे, पण त्याच्या सोबत विमानाखाली काय घडले तेही मांडायचे, असा त्यांचा बेत होता. जपानहून आणायच्या वस्तूंमध्ये एक शाळकरी मुलीचा जेवणाचा डबा होता, आतले अन्न जळून कोळसा झालेला.

मराठीत मालगाडीचाही डबा आणि शाळेत न्यायचाही डबाच. एक डबा अमेरिकन म्युझियममध्ये सुखाने राहिला, दुसऱ्यावरून रण पेटले. हवाई दलाच्या संघटनेने १९९४ मध्ये आघाडी उघडली, माजी सैनिकांच्या संघटना उतरल्या, सप्टेंबरमध्ये सिनेटने एकमताने ठराव केला. प्रदर्शनाच्या मसुद्यातली काही वाक्ये खरोखर कच्ची होती. जपानी लोक आपली संस्कृती वाचवायला लढत होते अशा अर्थाचे वाक्य चीन-कोरियातल्या माणसाने वाचले तर तो काय म्हणेल? पण मसुदे सुधारता येतात. ३० जानेवारी १९९५ ला स्मिथसोनियनचे प्रमुख हेमन यांनी प्रदर्शनच रद्द केले. २ मे रोजी हार्विट यांनी राजीनामा दिला. धुराची छत्री उडवणाऱ्यांपैकी कोणाची खुर्ची गेल्याचे मी तरी ऐकलेले नाही. डबा ठेवू पाहणाऱ्याची मात्र गेली.

'एनोला गे' २००३ पासून डलस विमानतळाजवळच्या भव्य हँगरमध्ये पूर्ण जोडून ठेवलेले आहे. तेव्हाचे संचालक, निवृत्त जनरल डेली, यांनी सोपा मार्ग काढला. पाटीवर विमानाची तांत्रिक माहिती. मेलेल्यांचा आकडा लिहा अशी मागणी झाली, ती त्यांनी मानली नाही. मी इंजिनिअर आहे, मला तसली पाटी वाचायला आवडते. म्हणूनच सांगतो, तांत्रिक आकड्यांच्या आडही छान लपता येते.

मग जपानी लोक हे चांगले करतात का? तर नाही. आमच्या क्योतोतही अराशियामाला एक खाजगी म्युझियम होते. तिथे 'हायाते' हे लढाऊ विमान होते, त्या जातीचे जगात उरलेले एकमेव. अमेरिकनांनी फिलिपाइन्समध्ये पकडलेले, तिकडच्या हौशी लोकांनी जपून दुरुस्त केलेले, १९७३ साली उडत्या अवस्थेत जपानला परत आलेले. मायदेशी आल्यावर हेळसांड झाली, सुटे भाग चोरीला गेले, ते पुन्हा कधी उडाले नाही. १९९१ साली ते म्युझियम बंद पडले. आता 'हायाते' दक्षिणेला चिरान इथल्या, आत्मघातकी वैमानिकांच्या स्मारक म्युझियममध्ये आहे. तिथे विनोदाचा मागमूस नाही. पोरांची आईला लिहिलेली शेवटची पत्रे, हसरे फोटो. बघणारे डोळे पुसत बाहेर पडतात. या पोरांना कोणी पाठवले आणि का, हा प्रश्न अश्रूंमध्ये विरघळून जातो.

या दोन्ही तऱ्हा एकाच यंत्रात दिसतात. 'ओका' नावाचे एक विमान होते. विमान कसले, माणूस आत बसवलेला बॉम्ब. ओका म्हणजे चेरीचा बहर. अमेरिकनांनी त्याला नाव दिले 'बाका', जपानीत मूर्ख! २१ मार्च १९४५ ला ओकाच्या पहिल्याच हल्ल्यात, निघालेली सगळी १८ बॉम्बर विमाने, त्यातल्या बहुतेकांच्या पोटाखाली ओका, पाडली गेली. ओका सोडण्याइतक्या अंतरावर एकही पोचले नाही. क्योतोतून रोज दिसणाऱ्या हिएई डोंगरावर, एन्र्याकुजी या प्राचीन मठाच्या केबल रेल्वेजवळ, ओकाच्या नव्या आवृत्तीसाठी उड्डाणाचा तळही बांधला होता. युद्ध संपले म्हणून तिथून कोणी गेले नाही. एकाने फुलाचे नाव दिले, दुसऱ्याने थट्टेचे, आणि आत बसलेला वीस वर्षांचा पोरगा दोन्ही नावांत कुठेच नाही. एक ओका आपल्या दिल्लीत, पालमच्या हवाई दल म्युझियममध्येही आहे. कधी गेलात तर त्याची बसायची जागा जरूर बघा.

मार्च २०२५ मध्ये बातमी आली, की अमेरिकन संरक्षण खात्याने काढून टाकण्यासाठी निवडलेल्या फोटोंच्या यादीत 'एनोला गे'चेही फोटो आले आहेत, नावात 'गे' आहे म्हणून. (ते नाव टिबेट्स यांच्या आईचे!) कोणी विनोद करायला गेले नव्हते, तरी झाला.

असो. माझे मत विचाराल तर 'बॉक्सकार'वरचे चित्र खरवडू नये. ते खरे आहे, त्या काळच्या माणसांनी काढलेले आहे, आणि ते पुसणे म्हणजे पुन्हा एक लपवाछपवी. फक्त त्याच्या शेजारी तो दुसरा डबा ठेवावा. मालगाडीच्या डब्याला हसलेला माणूस दोन पावले पुढे जाईल, जेवणाचा डबा बघेल आणि मागे वळून पहिल्याकडे पुन्हा एकदा पाहील. म्युझियमच्या प्रमुखाचे काम एवढेच आहे. आणि या कामासाठी खुर्ची घालवायची तयारी लागते, हे हार्विट यांनी दाखवून ठेवले आहे.