सेलेरॉन ३००ए : एका स्वस्त प्रोसेसराची प्रतिष्ठा

१९९८ च्या एप्रिलमध्ये इंटेल कंपनीने अल्प किमतीच्या संगणकांसाठी २६६ मेगाहर्ट्झचा पहिला सेलेरॉन बाजारात आणला, तेव्हा खर्च वाचविण्याच्या भरात तिने त्यातील दुय्यम कॅश समूळ काढून टाकली होती, आणि वारंवार लागणारी माहिती मंदगती मुख्य स्मृतीतून पुनःपुन्हा मागवावी लागल्यामुळे तो कार्यालयीन कामात इतका मागे पडला की परीक्षकांनी त्याच्यावर कठोर टीका केली.

त्याच वर्षी २४ ऑगस्टला आलेल्या ३००ए ने मात्र ही नामुष्की धुऊन काढली. इंटेलच्याच महागड्या पेंटियम टू प्रोसेसराची कॅश ५१२ किलोबाइटांची खरी, परंतु ती वेगळ्या चिपांमध्ये असून प्रोसेसराच्या निम्म्या वेगाने चाले. ३००ए ची अवघी १२८ किलोबाइटांची कॅश त्याच सिलिकॉनवर कोरलेली असल्यामुळे पूर्ण वेगाने चाले. त्याहून विलक्षण गोष्ट ही, की ६६ मेगाहर्ट्झच्या बसची, म्हणजे प्रोसेसर व मदरबोर्ड यांमधील माहितीवाहिनीच्या वेगाची, साडेचारपट करून ३०० चा वेग गाठणारा हा प्रोसेसर, ४४०बीएक्स चिपसेटाच्या मदरबोर्डावर १०० मेगाहर्ट्झची बस मिळताच, बहुधा ४५० वर स्थिर चाले. जेथे तशी सोय नसे, तेथे हौशी मंडळी बी२१ या एकाच संपर्कपट्टीवर चिकटपट्टीचा बारीक तुकडा लावून बोर्डाला १०० मेगाहर्ट्झची बस द्यायला भाग पाडत. कंपनीची हमी या वाढीव वेगाला अर्थातच नव्हती, आणि प्रत्येक नग साथ देईलच अशी खात्रीही नव्हती. तरीही १४९ डॉलरांचा हा प्रोसेसर ६६९ डॉलरांच्या ४५० मेगाहर्ट्झ पेंटियम टूच्या पंक्तीला बसला. माझ्या मते त्या दशकातील कोणत्याही डेस्कटॉप प्रोसेसराने ग्राहकाच्या पैशाचे याहून चोख मोल दिले नाही.