राखीव समुद्र आणि राखणारी माणसे

वसईच्या वाचकांना मनिला हे नाव परके नाही. संत गोन्सालो गार्सिया वसईत जन्मले, तरुणपणी जपानकडे गेले. परंतु फ्रान्सिस्कन संघाचे वस्त्र त्यांनी धारण केले ते मनिला येथे. तेथूनच 1593 साली दुभाषी म्हणून ते पुन्हा जपानला गेले आणि 5 फेब्रुवारी 1597 रोजी नागासाकी येथे क्रुसावर हुतात्मा झाले. त्या काळी वसई पोर्तुगिजांची आणि मनिला स्पेनची असली, तरी 1580 पासून 1640 पर्यंत हे दोन्ही मुकुट एकाच राजघराण्याकडे होते. ज्या दुसऱ्या फिलिपच्या नावावरून त्या द्वीपसमूहाला फिलिपिन्स म्हणतात, तोच काही वर्षे आपल्या वसईचाही राजा होता. तेव्हा त्या देशाची एक गोष्ट आम्ही येथे सांगू लागलो, तर ती अगदीच दूरची वाटू नये.

गोष्ट संतांची नाही, मासळीची आहे. फिलिपिन्समध्ये सात हजारांहून अधिक बेटे आहेत. बहुसंख्य लोक कॅथोलिक. जेवण आपल्यासारखेच, भात आणि मासे. बेटांभोवती प्रवाळाचे खडक असून त्यांच्या कपारींत मासे अंडी घालतात, पिले वाढतात. दुसऱ्या महायुद्धानंतर मात्र ह्या खडकांवर अवकळा आली. पाण्यात सुरुंग फोडून मासे मारण्याची चटक किनाऱ्याकिनाऱ्यावर पसरली. एका धमाक्यात होडी भरते, पण ज्या खडकात पुढच्या वर्षीची मासळी वाढावयाची तो खडकच फुटून जातो. कोणी विषारी सायनाइड वापरू लागले. 'मुरो-आमी' नावाच्या पद्धतीत तर पोहणाऱ्यांची, पुष्कळदा कोवळ्या मुलांची, रांगच्या रांग दोरीला बांधलेले दगड प्रवाळावर आपटीत मासे जाळ्याकडे हाकीत असे. ही पद्धत पुढे 1986 साली तेथील सरकारने बंद केली. हे सारे करणारी माणसे दुष्ट होती असे आम्हांला वाटत नाही. मासे कमी झाले म्हणून त्यांनी घातक साधने हाती घेतली, आणि घातक साधनांनी मासे आणखी कमी झाले. दारिद्र्याचा हा फेरा शेतकऱ्याला ठाऊक आहे, तसाच कोळ्यालाही.

नेग्रोस बेटावरील दुमागेते शहरात सिलिमन विद्यापीठ आहे. तेथील प्राणिशास्त्रज्ञ डॉ. आंजेल आल्काला ह्यांना एक साधी कल्पना सुचली. शेतकरी बियाणे खात नाही, ते बाजूला काढून ठेवतो. तसा समुद्राचा एक तुकडा बियाण्यासाठी ठेवला तर? 1974 साली सेबू बेटाच्या दक्षिणेस सुमिलोन नावाच्या लहानशा बेटाजवळ त्यांनी हा प्रयोग मांडला. बेटाभोवतालच्या प्रवाळ खडकांपैकी सुमारे चौथा हिस्सा मासेमारीला बंद करण्यात आला. थोड्याच वर्षांत बंद भागात मोठमोठे मासे दिसू लागले. त्याहून महत्त्वाचे म्हणजे बाहेरच्या उघड्या भागातही मच्छीमारांना चांगली मासळी मिळू लागली. ह्यात चमत्कार काही नाही. मासा जितका मोठा, तितकी त्याची अंडी कितीतरी पटींनी अधिक. शिवाय राखीव जागेत दाटी झाली की मासे मर्यादा ओलांडून बाहेर येतात, आणि अंड्यांतून निघालेली पिले प्रवाहाबरोबर दूरवर जातात.

परंतु सुमिलोनवर कायम वस्ती नव्हती. मासेमारी करणारे समोरच्या किनाऱ्यावरून येत, आणि ही बंदी त्यांना विद्यापीठाने घातलेली बंदी वाटे. नगरपालिकेतील सत्ता बदलली, नव्या कारभाऱ्यांना हा प्रयोग नकोसा झाला, आणि 1984 साली राखीव भागात सरसकट मासेमारी सुरू झाली. शंभरांहून अधिक मच्छीमार आत शिरले. दहा वर्षांची ठेव दीड-दोन वर्षांत उडाली, आणि मग जे घडले ते कोणत्याही उपदेशापेक्षा बोलके होते. आता सारा खडक उघडा होता, जागा पूर्वीपेक्षा मोठी होती; तरीही बेटाभोवतीची एकूण मासळी निम्म्याहूनही खाली आली. डॉ. आल्काला आणि त्यांचे ऑस्ट्रेलियन सहकारी गॅरी रस ह्यांनी 1990 साली ही आकडेवारी प्रसिद्ध केली, तेव्हा जगभरच्या शास्त्रज्ञांनी तिची दखल घेतली. प्रयोग मोडला आणि मोडण्यानेच सिद्ध झाला! अर्थात ज्यांची होडी रिकामी परतत होती, त्यांना ह्या सिद्धतेचे काय कौतुक?

ह्याच सुमारास दुसऱ्या एका बेटावर वेगळी हकीकत घडत होती. नेग्रोसच्या दक्षिण टोकाजवळ, दाउइन नगरपालिकेच्या हद्दीत, आपो नावाचे ज्वालामुखीचे बेट आहे. क्षेत्रफळ अवघे 70-75 हेक्टर, वस्ती शे-दीडशे कुटुंबांची. जवळची मासळी आटल्यामुळे येथील पुरुषांना लहान होड्या वल्हवीत दूरदूर जावे लागे. डॉ. आल्काला तेथे हुकूमनामा घेऊन गेले नाहीत. त्यांनी आपोच्या काही मच्छीमारांना होडीत घालून सुमिलोन दाखविले, त्या वेळी ते अजून शाबूत होते. आपल्या डोळ्यांनी पाहून परतलेल्या माणसांनी घरी काय सांगितले असेल, ह्याची कल्पना वाचकांनीच करावी. तरीही सारे बेट लगेच तयार झाले नाही. तीन वर्षे बोलणी चालली. अखेर 1982 साली काही मोजक्या कुटुंबांनी पुढाकार घेतला आणि बेटाच्या आग्नेय बाजूस सुमारे 450 मीटर किनाऱ्यालगतचा खडक राखीव ठरला. बेटाच्या एकूण मासेमारीच्या जागेचा तो साधारण दहावा हिस्सा. दशमांश म्हणजे काय हे आमच्या धर्मग्रामांतील कुटुंबांना सांगावयास नको!

राखण सोपी होती. कोणीतरी एकाने किनाऱ्यावर बसून लक्ष ठेवावयाचे. कुटुंबांनी पाळ्या लावून घेतल्या. 1984 पासून विद्यापीठाचे समाजकार्यकर्ते बेटावर राहून काम करू लागले, सभागृह उभे राहिले, बेटवासीयांची समिती झाली. पुढच्या एक-दोन वर्षांत दाउइनच्या नगरपालिकेने ह्या व्यवस्थेला कायद्याचा आधार दिला. राखीव जागेपुरतेच नव्हे, तर बेटाभोवतालच्या 500 मीटरपर्यंतच्या पाण्यात सुरुंग, विष, बारीक आसांची जाळी आणि मुरो-आमी बंद झाली. गळ, बांबूचे सापळे आणि मोठ्या आसांची जाळी चालू राहिली. म्हणजे बहुतेक समुद्र लोकांच्या उपजीविकेला मोकळाच होता. ही बाब आम्हांला फार महत्त्वाची वाटते.

फळ सावकाश आले. सर्जनफिशच्या कुळातील एका मोठ्या माशाचे राखीव भागातील एकूण वजन 1983 ते 2001 ह्या 18 वर्षांत तिपटीने वाढले. मर्यादेबाहेरच्या दोन-अडीचशे मीटरांच्या पट्ट्यातही तो मासा मुबलक झाला, आणि तेथे गळ टाकणाऱ्याला दूरच्यापेक्षा अधिक मासळी मिळू लागली. पुरुष घराजवळ मासेमारी करू लागले; पूर्वीइतकीच मासळी कमी तासांत मिळू लागली. हे वाचलेले तास कोणत्याही तराजूत घालता येत नाहीत. पण ज्या घरातील माणूस अंधारात समुद्रावर जातो, त्या घरातल्या बाईला त्यांचे मोल विचारावे.

पुढे प्रवाळ पाहण्यासाठी परदेशी पाणबुडे येऊ लागले. त्यांच्याकडून प्रवेशशुल्क घेतले जाई. खाणावळी, होड्यांची ने-आण, बायकांनी विकलेले कपडे अशा नव्या मिळकती सुरू झाल्या. शाळा आणि स्वच्छता ह्यांवर पैसा खर्च होऊ लागला. सारेच गोड होते असे नाही. पाणबुड्यांमुळे मासे बुजतात अशी मच्छीमारांची तक्रार होती, आणि ज्याच्याकडे निवासाची सोय त्याच्याकडे पैसा अधिक, ही असमानताही आली.

1988 सालच्या जानेवारीत फिलिपिन्सच्या कॅथोलिक बिशप परिषदेने आपल्या सुंदर भूमीची काय दशा झाली, असा प्रश्न विचारणारे मेषपालपत्र काढले. त्यात उजाड झालेल्या प्रवाळांविषयीही वेदना होती. पोप फ्रान्सिस ह्यांनी 2015 साली 'लाउदातो सी' ह्या विश्वपत्रात त्याच पत्राचा आधार घेतला. मेषपालांना ही भाषा सुचली, त्याआधी सहा वर्षे आपोचे मच्छीमार पहाऱ्याला बसले होते, हेही नोंदवून ठेवावेसे वाटते.

मग सरकारला आपोची महती कळली. 1992 साली डॉ. आल्काला ह्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला आणि त्याच वर्षी ते देशाचे पर्यावरणमंत्रीही झाले. 1994 साली आपो हे राष्ट्रीय संरक्षित क्षेत्र म्हणून घोषित झाले. सन्मान मोठा होता. परंतु कारभार बेटाच्या समितीकडून सरकारी मंडळाकडे गेला. शुल्क राष्ट्रीय निधीत जमा होऊ लागले. त्यातला तीन-चतुर्थांश वाटा बेटासाठी परत यावयाचा असे ठरले होते, पण तो कागदपत्रांच्या वाटेने फार उशिरा पोहोचे. मासे होते तेवढेच होते, पाणी तेच होते. पण आपल्या समुद्राविषयी बोलताना बेटवासी कष्टी होऊ लागले. माणसाचे कल्याण म्हणजे केवळ ताटातला मासा नव्हे. त्या माशाविषयीचा निर्णय आपण घेतला, हे समाधान गेले की ताट भरलेले असूनही काही उणे वाटते.

येथे आम्हांला आपल्या मालवणची आठवण होते. 1987 साली, म्हणजे आपोनंतर पाचच वर्षांनी, मालवणचा समुद्र अभयारण्य म्हणून घोषित झाला: सुमारे 29 चौरस किलोमीटर, त्यात सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतालचा तीन चौरस किलोमीटरांहून थोडा अधिक गाभा. हेतू चांगला होता, तेथील प्रवाळ खरोखरच मोलाचे आहेत. परंतु घोषणा सरकारी अधिसूचनेने आली. आपली जाळी आता कोठे टाकायची, ह्या प्रश्नाने मच्छीमार बिथरले, आणि त्यांचा विरोध वर्षानुवर्षे टिकला. मालवण हे आपो नव्हे. तेथे गावे अनेक, होड्या कितीतरी अधिक. म्हणून बेटाचा कित्ता जसाच्या तसा गिरवता येईल असे आम्ही म्हणत नाही. पण समुद्राला विसावा देणे आमच्या कोळ्यांना परके कधीच नव्हते. नारळी पौर्णिमेपर्यंत होडी न लोटण्याची रीत कोणत्याही अधिसूचनेहून जुनी आहे, आणि किनाऱ्यावरच्या ख्रिस्ती कोळीवाड्यांनीही पावसाळ्याचा हा विसावा पाळला आहे. आपोने जागा राखली, आपण काळ राखत आलो. ह्या जुन्या शहाणपणापासून बोलणी सुरू झाली असती, तर मालवणात काय घडले असते?

हा प्रश्न जुना राहिलेला नाही. डिसेंबर 2022 मध्ये जगातील राष्ट्रांनी 2030 पर्यंत पृथ्वीवरील जमीन आणि समुद्र ह्यांचा 30 टक्के भाग संरक्षित करण्याचे उद्दिष्ट स्वीकारले. नकाशावर रेघा ओढणे सोपे आहे. फिलिपिन्समध्येच आज दीड हजारांहून अधिक राखीव क्षेत्रे आहेत, आणि त्यांतील कित्येक केवळ कागदावर आहेत, कारण त्यांच्या किनाऱ्यावर पहाऱ्याला कोणी बसत नाही.

आपोची हकीकत येथे संपली असती तर बरे झाले असते. परंतु डिसेंबर 2011 मध्ये एक चक्रीवादळ आले आणि पुढच्याच डिसेंबरात दुसरे. लाटांचा मारा नेमका राखीव बाजूवर झाला. माणसांनी तीस वर्षे जपलेले प्रवाळ फुटून त्यांचा चुराडा झाला. पर्यटकांना दाखविण्यासारखे तेथे फारसे उरले नाही. जागा राखून ठेवण्याचे एक कारण, निदान पैशाचे कारण, वाहून गेले होते. जाळी आत टाकायला हीच वेळ होती. तसे झाले नाही. राखीव भाग पाणबुड्यांनाही बंद करण्यात आला. डॉ. आल्काला 1 फेब्रुवारी 2023 रोजी, वयाच्या 93 व्या वर्षी निवर्तले. तोवर त्या ढिगाऱ्यावर नवे प्रवाळ धरू लागले होते.