अंक येतच राहतात, नोंद कोण ठेवतं?

मी चंद्रपूरच्या ऊर्जानगरहून बोलतोय. मी पेशानं सॉफ्टवेअर इंजिनिअर, पण आजचा विषय कोडचा नाही. आज बोलूया विद्यापीठाच्या ग्रंथालयातल्या एका टेबलाबद्दल, जिथे नियतकालिकांची नोंद होते. ऐकायला रुक्ष वाटतंय ना? थांबा जरा.

पुस्तकाचं काम सोपं. आलं, शिक्का मारला, नोंद केली, कपाटात ठेवलं. नियतकालिकाचं तसं नसतं. ते दर महिन्याला येतं, किंवा येतच नाही. कधी दोन महिन्यांचा जोडअंक येतो. नाव बदलतं, मालक बदलतो, मासिकाचं त्रैमासिक होतं आणि एक दिवस न सांगता बंद पडतं. म्हणजे नियतकालिक चालू आहे तोवर त्याची नोंद पूर्ण होतच नाही.

आपलं पहिलंच उदाहरण घ्या. बाळशास्त्री जांभेकरांनी ६ जानेवारी १८३२ ला मुंबईत ‘दर्पण’ सुरू केलं. मजकूर मराठीत आणि इंग्रजीतही. सुरुवातीला ते पाक्षिक होतं, काही महिन्यांतच साप्ताहिक झालं आणि १८४० मध्ये बंद पडलं. मराठीच्या पहिल्याच वर्तमानपत्रानं नोंद करणाऱ्याला एवढं काम दिलं! पुढे १९२० मध्ये ‘किर्लोस्कर खबर’ निघालं आणि काही वर्षांनी त्याचं नाव नुसतं ‘किर्लोस्कर’ झालं. आता सांगा, ही नोंद एक की दोन? एका कर्मचाऱ्यानं एक धरली, दुसऱ्यानं दोन, आणि दोन्ही नोंदी एकमेकींना जोडल्याच नाहीत, तर काय होईल? वाचक अर्धेच अंक बघून परत जाईल. उरलेले त्याच इमारतीत दुसऱ्या कपाटात पडून राहतील.

म्हणून या टेबलावरच्या माणसांचं व्यवस्थापन हा खरा प्रश्न आहे. हजेरी आणि रजा तर कुठल्याही ऑफिसात असतात. इथे चार माणसांनी चार वेगवेगळ्या वर्षी घेतलेले निर्णय एकमेकांशी जुळायला हवेत.

एस. आर. रंगनाथन १९२४ मध्ये मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले. त्यांनी नियतकालिकांसाठी तीन कार्डांची पद्धत आणली. एका कार्डावर वर्गणी आणि आलेल्या प्रत्येक अंकाची नोंद. दुसरं कार्ड पुढचा अंक ज्या आठवड्यात यायला हवा, त्या आठवड्याच्या कप्प्यात. तिसऱ्यावर ग्रंथालयात कोणते खंड आहेत, ते. गंमत दुसऱ्या कार्डात आहे. अंक आला की कार्ड पुढच्या कप्प्यात सरकतं. आठवडा संपला तरी कार्ड जागेवरच असेल, तर अंक आलेला नाही. लगेच स्मरणपत्र पाठवा! आमच्या भाषेत सांगायचं तर हे कागदावरचं अलर्ट सिस्टिम झालं. उशीर परवडत नाही, कारण छोट्या नियतकालिकाच्या प्रती मोजक्याच असतात. सहा महिन्यांनी पैसे घेऊन गेलात तरी तो अंक मिळेलच असं नाही.

मला यातली सगळ्यात मोठी गोष्ट वेगळीच वाटते. काम एखाद्याच्या डोक्यात न राहता कार्डावर राहतं. तो माणूस रजेवर गेला, निवृत्त झाला, तरी दुसरा येऊन कप्पा उघडू शकतो.

मराठीत याचं मोठं उदाहरण म्हणजे शंकर गणेश दाते. १८०० पासूनच्या छापील मराठी पुस्तकांची ‘मराठी ग्रंथसूची’ त्यांनी तयार केली. १९६४ मध्ये ते गेले. ‘मराठी नियतकालिकांची सूची’ प्रसिद्ध झाली १९६९ मध्ये, १८०० ते १९५० या काळाची. तिच्यावर नावं तीन आहेत: दाते, काळे आणि बर्वे. एक माणूस गेल्यावरही काम पुढे जाऊ शकतं, ते असं.

आता आपल्याकडे या. चंद्रपूर-गडचिरोलीची कॉलेजं आधी नागपूर विद्यापीठाखाली होती. २०११ मध्ये गडचिरोलीला गोंडवाना विद्यापीठ झालं. आणि २०२५ पासून केंद्र सरकारची ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ योजना सुरू आहे. ३० प्रकाशकांची सुमारे १३,००० नियतकालिकं सरकारी विद्यापीठांना आणि कॉलेजांना ऑनलाइन मिळतात. जंगलाच्या जिल्ह्यातल्या मुलाला दिल्लीच्या मुलाइतकंच वाचायला मिळणं, ही मोठीच गोष्ट आहे.

पण मग लोक म्हणतात, सगळं ऑनलाइन आहे, तर नोंदीला माणसं कशाला? इथेच धोका आहे. कॉलेजचा वार्षिकांक, गावातला दिवाळी अंक, झाडीबोलीतल्या कविता छापणारं चार फर्म्यांचं अनियतकालिक, यातलं काहीच त्या पॅकेजमध्ये येत नाही. त्याची नोंद झाली तर इथेच होणार. आज नाही झाली, तर पन्नास वर्षांनी आपल्या भागावर संशोधन करणाऱ्या मुलीला वाटेल की त्या काळात इथे कुणी काही लिहितच नव्हतं.

मी ग्रंथालयाचा प्रमुख असतो तर तीन गोष्टी नक्की केल्या असत्या. एक निर्णयवही: नाव बदललं तर काय करायचं, जोडअंक कसा लिहायचा, सगळं तारखेसकट. दुसरं, प्रत्येकाची नोंद दुसऱ्यानं तपासायची. आम्ही रोज एकमेकांचा कोड तपासतो, तसंच. तिसरं, निवृत्तीआधी काही महिने नवा माणूस जुन्याच्या शेजारी बसवायचा. यातल्या एकाही गोष्टीला महागडं सॉफ्टवेअर लागत नाही.

आणि तुमच्यासाठी एक काम. तुमच्या कॉलेजचे जुने वार्षिकांक ग्रंथालयात आहेत का, विचारून बघा. मधलं एखादं वर्ष गायब असेल आणि तो अंक तुमच्या घरी माळ्यावर असेल, तर नेऊन द्या. नोंद करून घेतल्याशिवाय मात्र परत येऊ नका! भेटूया पुढच्या भागात.