बोटं पांढरी पडत नाहीत म्हणून

इतिहास कशाकशाचा लिहिला जातो? राजांचा, किल्ल्यांचा, देवळांचा. लोणारचं दैत्यसूदनाचं देऊळ बघायला लोक लांबलांबून येतात. मूर्तींच्या बोटांची नजाकत बघून माना डोलावतात. ती मूर्ती घडवणाऱ्याच्या बोटांचं पुढं काय झालं, हे कुठल्याच शिलालेखात नाही.

मित्रांनो, हा लेख हाताच्या इतिहासाचा आहे. यंत्र धरणाऱ्या, यंत्राबरोबर थरथरणाऱ्या आणि शेवटी बधिर होणाऱ्या हाताच्या. आणि त्या हाताची तपासणी कुणी, कशी करायची, ह्या प्रश्नाचा.

आपला बुलडाणा जिल्हा काळ्या पाषाणावर बसलेला आहे. वर माती, खाली मुरूम, त्याच्याखाली कातळ. मेहकरला खणा, चिखलीला खणा, सिंदखेड राजाला खणा, कधी ना कधी पहार टणकन वाजतेच. तिथून पुढचं काम घणाचं, छिन्नीचं, सुरुंगाचं. हे काम कुणी केलं? वडारांनी केलं, महारामांगांनी केलं. विहीर खणायला आमचे हात चालले. पाणी लागलं की त्याच हातांचा विटाळ झाला. १९२७ साली बाबासाहेब महाडच्या तळ्यावर गेले. आमच्या गावोगावच्या विहिरींचा हिशेबही त्या ओंजळीत होता. पुढं १९७२ चा दुष्काळ पडला आणि महाराष्ट्रातली लाखो बायामाणसं रस्त्याच्या कडेला बसून खडी फोडू लागली. हात तेच.

मग यंत्र आलं. ट्रॅक्टरवर कॉम्प्रेसर, कॉम्प्रेसरला रबरी नळी, नळीच्या टोकाला जॅकहॅमर आणि जॅकहॅमरला लटकलेला माणूस. ट्रॅक्टर काठावर, माणूस विहिरीच्या तळाला. आपल्याकडं ह्याला 'होल मारणं' म्हणतात. होल मारायचे, त्यात सुरुंग भरायचा, उडवायचा आणि फुटलेला दगड यारीनं वर ओढायचा. लोक म्हणाले, यंत्रानं काम हलकं केलं. घण उचलणाऱ्याला प्रत्येक घावानंतर एक श्वास तरी मिळत होता. हे यंत्र मिनिटाला हजाराच्या वर घाव घालतं. त्यातली काही थरथर दगडात जाते, काही उलटी मुठीतून मनगटात, मनगटातून कोपरात चढते. विहिरीपुरतंच हे नाही. सिमेंट रस्ता फोडायचा ब्रेकर, लोखंड घासायचा ग्राइंडर, काँक्रीट दाबायचा व्हायब्रेटर, सगळ्यांची जात एकच.

ही थरथर वर्षानुवर्षं हातात शिरली की दोन ठिकाणी घाव बसतो. एक, बोटांच्या बारीक रक्तवाहिन्यांवर. गारठा लागला की त्या आखडतात, रक्त थांबतं, बोट पांढरं पडतं. दोन, नसांवर. आधी मुंग्या, मग बधिरपणा, मग बोटाला गरम-गार, गुळगुळीत-खरबरीत कळेनासं होतं. त्यावर सांधे आणि पकड जाते ती वेगळीच. सुरुवातीला काम सोडलं तर हात बराचसा सावरतो. एक टप्पा ओलांडला की गेलेली नस परत आणणारं औषध नाही. तपासणीची सगळी किंमत ह्या 'सुरुवातीला' ह्या एका शब्दात आहे.

आता हे जगाला कधी कळलं ते बघा. १९११ साली इटलीत लोरिगा नावाच्या डॉक्टरनं हवेच्या दाबावर चालणारी यंत्रं वापरणाऱ्या खाणकामगारांच्या हातांचं दुखणं लिहून ठेवलं. १९१८ साली अमेरिकेत इंडियाना राज्यातल्या बेडफर्ड गावी डॉ. ॲलिस हॅमिल्टन ही बाई गेली. तिथं चुनखडीचा दगड घडवतात. कामगारांची तक्रार होती की हवेचा हातोडा आल्यापासून आमची बोटं मेली. हॅमिल्टन ऐन थंडीत गेली, कारण दुखणं थंडीतच डोळ्यांना दिसतं. तिनं एकेकाचे हात बघितले, एकेकाला विचारलं. दहातल्या जवळजवळ नऊ जणांची बोटं पांढरी पडत होती. तिनं हे सरकारी अहवालात छापलं.

साठ वर्षांनी, १९७८ साली, त्याच भागात पुन्हा तपासणी झाली. प्रमाण ऐंशी टक्क्यांच्या घरात निघालं! साठ वर्षं अहवाल कपाटात होता आणि हातोडा हातात होता. तपासणी झाली म्हणजे न्याय झाला असं ज्यांना वाटतं, त्यांनी बेडफर्ड पाठ करावं.

इंग्लंडातली गोष्ट ह्याहून वेगळी नाही. भरपाईच्या रोगांच्या यादीत पांढऱ्या बोटाला घ्यावं की नाही ह्यावर तिथल्या समित्या १९५० नंतर पुन्हा पुन्हा बसल्या आणि नाही म्हणून उठल्या. शेवटी १९८५ साली ते यादीत आलं. कोळसा खाणीतले कामगार कोर्टात भांडले, १९९९ पासून भरपाईची योजना सुरू झाली आणि दीड लाखाहून जास्त अर्ज आले. इतके हात तोवर कुठं होते? होते तिथंच होते. मोजणारं कुणी नव्हतं.

जपानात जंगलात करवतयंत्र चालवणाऱ्या लाकूडतोड्यांना हे झालं. तिथं लोक त्याला 'पांढऱ्या मेणाचा रोग' म्हणाले.

इथं थांबा. नाव बघा. इंग्लंडात पांढरं बोट, जपानात पांढरं मेण. नाव ठेवलं ते थंड मुलुखानं. रोग ओळखायची खूणही तिथलीच. डॉक्टरच्या तपासणीतला जुना, पहिला प्रश्न हाच: बोटं पांढरी पडतात का?

आता हा प्रश्न घेऊन मे महिन्यात नांदुऱ्याला या. बेचाळीस-चव्वेचाळीस डिग्रीत विहिरीच्या तळाला होल मारणाऱ्याला विचारा. तो म्हणेल, नाही बाप्पा, पांढरी काहून पडतील? झालं. डॉक्टर लिहिणार, निरोगी.

ही नुसती माझी शंका नाही. २००५ साली व्हिएतनामच्या दगडखाणीतल्या कामगारांचा अभ्यास छापला गेला. २०११ साली मलेशियातल्या बांधकाम कामगारांचा. दोन्ही मुलूख उष्ण. दोन्हीकडं तसं पांढरं बोट सापडलं नाही. मुंग्या, बधिरपणा, हातांची दुखणी मात्र सापडली. म्हणजे उष्ण मुलखात थरथर रक्तवाहिनीची खूण दाखवत नाही, नस मात्र खातेच. त्यात आमच्या काळ्या कातडीवर रंगातला बारीक बदल ज्याला बघायची सवय नाही त्याला दिसतही नाही. रोग तोच, खूण वेगळी. पुस्तकातली खूण सापडली नाही म्हणून माणसाला धडधाकट ठरवायचं, ही अस्पृश्यतेचीच बहीण समजा.

१९८७ साली छापलेली स्टॉकहोमची मोजपट्टी ह्या बाबतीत शहाणी आहे. तिनं रक्तवाहिनीच्या पायऱ्या वेगळ्या आणि नसांच्या पायऱ्या वेगळ्या केल्या. नसांच्या पायऱ्या अशा: पहिली, बधिरपणा येतो-जातो. दुसरी, स्पर्श कमी कळतो. तिसरी, बोटांनी बारीक काम जमत नाही. आमच्या माणसाला रक्तवाहिनीच्या रकान्यात शून्य पडेल आणि नसांच्या रकान्यात दोन. दोन्ही रकाने भरा, एवढीच मागणी आहे.

आपला कायदा काय म्हणतो? १९४८ च्या कारखाने कायद्याच्या तिसऱ्या परिशिष्टात कळवणं बंधनकारक असलेल्या रोगांची यादी होती. एकोणतीस रोग. शिसं आहे, पारा आहे, सिलिकोसिस आहे, आवाजानं येणारा बहिरेपणा आहे. मी गिरणीतला माणूस. आमच्या छातीत कापसाची धूळ बसून होणारा बिसिनोसिसही तिथं आहे. थरथरीनं मेलेला हात नाही. पुढं २०२० ची संहिता आली, २१ नोव्हेंबर २०२५ ला लागू झाली, जुना कायदा तिच्यात विरघळला. यादी तीच एकोणतीसची राहिली. हात बाहेरच. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेनं १९७७ साली हवा, आवाज आणि कंपन ह्यांच्यावर १४८ नंबरचा करार केला. भारतानं तो मान्य केलेला नाही.

संहिता म्हणते, वर्षातून एकदा फुकट तपासणी. सरकार सांगतं ते चाळिशीपुढच्यांसाठी. होल मारणारा पोरगा विशीच्या आत कामाला लागतो. चाळिशीपर्यंत त्याच्या हाताचं काय उरतं? आणि संहिता साधारणपणे दहा माणसांच्या पुढच्या आस्थापनेला लागू. ट्रॅक्टरवर माणसं किती? चार, पाच. आपल्या जिल्ह्यातून समृद्धी महामार्ग गेला, तिथं मोठी कंपनी होती, मोठा ठेका होता. गावातल्या विहिरीवर ना कंपनी, ना मस्टर. २०१७ पासून बाबासाहेबांच्या नावाची कृषी स्वावलंबन योजना अनुसूचित जातीच्या शेतकऱ्याला विहिरीला अनुदान देते. चांगली गोष्ट आहे, भांडून घ्या. पण त्या विहिरीची खोली मोजली जाते, खणणाऱ्याची पकड मोजली जात नाही.

युरोपात ह्या थरथरीला माप आहे. आठ तासांच्या दिवसाला सरासरी अडीच मीटर प्रति सेकंद वर्ग ओलांडलं की मालकानं उपाय आणि तपासणी सुरू करायची. पाच ओलांडायचंच नाही. यंत्राची थरथर दहा असेल तर अर्ध्या तासात पहिली रेघ, दोन तासांत दुसरी. थरथर दुप्पट झाली की वेळ चौथाईवर येतो. वीसच्या यंत्राला दिवसाचा अर्धा तास. आपल्याकडं सकाळी नळी जोडली की दिवस मावळतो.

बाबासाहेब १९४२ ते ४६ व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूर खात्याचे सभासद होते. १९४३ च्या डिसेंबरात ते धनबादकडच्या कोळसा खाणीत स्वतः खाली उतरले. १९४६ साली अठ्ठेचाळीस तासांच्या आठवड्याचा कायदा झाला तो त्यांच्याच काळातला. आधी खाली उतरायचं, मग कलम लिहायचं. आपण कार्यकर्ते काठावर उभे राहून घोषणा देतो. विहिरीत उतरायला पाहिजे.

म्हणून काम सांगतो. एक शंभर पानी वही घ्या. आपापल्या तालुक्यातल्या होल मारणाऱ्यांना, ब्रेकरवाल्यांना, ग्राइंडरवाल्यांना गाठा आणि विचारा:

कुठलं यंत्र, किती वर्षं, आणि दिवसातून प्रत्यक्ष हातात किती वेळ?
काम थांबल्यावर मुंग्या वीस मिनिटांच्या पुढं टिकतात का?
रात्री हात बधिर होऊन झोपमोड होते का?
सदऱ्याची गुंडी न बघता लागते का? खिशातलं नाणं बोटांनी ओळखता येतं का?
भाकरी मोडताना, तांब्या उचलताना पकड सुटते का?
पौषातल्या पहाटे बोटांचा रंग बदलतो का?

हा शेवटचा प्रश्न शेवटीच विचारा. आणि हेच प्रश्न दर वर्षी, त्याच माणसाला. एका वर्षाचं उत्तर म्हणजे तक्रार. पाच वर्षांची उत्तरं म्हणजे पुरावा.

एक धोका आहे. माणूस खरं सांगणार नाही. का सांगावं? हात गेला असं कळलं तर उद्या दुसरा पोरगा नळी धरेल आणि ह्याची चूल विझेल. तपासणी हे मालकाच्या हातात माणूस काढायचं हत्यारही होतं. म्हणून तपासणीचा कागद कामगाराच्या हातात राहिला पाहिजे. हात बिघडला तर त्याच मजुरीवर दुसरं काम, नाहीतर भरपाई, हे आधी ठरलं पाहिजे. ह्या दोन अटी नसतील तर वहीतली नावं मालकाला दाखवू नका.

वही भरली की जिल्हा रुग्णालयात न्या, कामगार अधिकाऱ्याच्या टेबलावर ठेवा, आमदाराच्या पुढं टाका. विचारा, एकोणतीस रोगांच्या यादीत तिसावा कधी येणार? हॅमिल्टनबाईनं लिहिलं त्याला शंभर वर्षं होऊन गेली. आपल्या जिल्ह्याचं पान अजून कोरं आहे. ते भरायला डॉक्टरची पदवी लागत नाही, समोरच्याचा हात हातात घ्यावा लागतो.