बुलडॉग वाचला, सिंह गेला: फूटीच्या नव्या सीझनआधी

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं, त्यांच्यासाठी हा एपिसोड लिहून काढलाय. बोलताना आलेले 'अं' आणि 'म्हणजे' बरेचसे उडवलेत. सगळे नाही उडवता आले.

मार्च आलाय. मेलबर्नमध्ये मार्च म्हणजे फूटी. ऑफिसात सोमवारच्या स्टँडअपला पाच मिनिटं कामाचं बोलणं आणि दहा मिनिटं यंदा फ्लॅग कोण नेणार याचं. फ्लॅग म्हणजे अजिंक्यपद. मलाही दरवर्षी विचारतात, "यंदा तुझे बुलडॉग्स कितवे येणार?" माझं उत्तर ठरलेलं असतं: बॉन्टेम्पेली फिट राहिला तर पहिल्या आठात, नाही राहिला तर देव जाणे. झालं भाकीत. एपिसोड त्याच्यावर नाहीये.

एपिसोड आहे पॉइंट्स टेबलवर, पण त्यातल्या आकड्यांवर नाही, नावांवर. अठरा संघांची यादी वाचली तर ती कोण वाचलं, कोण गेलं आणि कोणाचं नाव बदललं याची नोंदवही आहे. आणि त्यात माझ्या क्लबची एक लाडकी गोष्ट आहे, जी आम्ही फॅन लोक जरा सोयीस्कर सांगतो.

ज्यांना हा खेळ माहीत नाही त्यांच्यासाठी पटकन. २०२२ च्या टी-ट्वेंटी वर्ल्ड कपमध्ये कोहलीने हारिस रौफला जो सिक्स मारला, ते एमसीजी आठवतंय ना? हिवाळ्यात ते ग्राउंड फूटीचं असतं. ओव्हल मैदान, प्रत्येकी १८ खेळाडू, दोन्ही टोकांना चार-चार खांब. मधल्या दोन खांबांतून बॉल किक केला तर सहा पॉइंट, बाजूच्या फटीतून गेला तर एक. मुळात क्रिकेटर लोक थंडीत सुस्तावू नयेत म्हणून टॉम विल्स नावाच्या क्रिकेटपटूने १८५८ मध्ये ही कल्पना मांडली आणि १८५९ मध्ये मेलबर्न क्लबने नियम लिहून काढले. पुढे १८९७ मध्ये आठ क्लबांची व्हिक्टोरियन फुटबॉल लीग सुरू झाली, म्हणजे व्हीएफएल. तीच १९९० पासून एएफएल.

महत्त्वाची गोष्ट ही की हे क्लब उपनगरांचे होते. आपल्याकडे दादर, परळ, गिरगावचे कबड्डी संघ असतात ना, तसं. कॉलिंगवूड, कार्लटन, फिट्झरॉय, साउथ मेलबर्न, आणि १९२५ मध्ये आत आलेलं फूट्सक्रे. फूट्सक्रे म्हणजे नदीपलीकडचं पश्चिम मेलबर्न: कारखाने, कत्तलखाने, गोद्या, कामगार वस्ती. आज त्याच पश्चिमेला टारनीट, वेरिबी, पॉइंट कुकमध्ये आपली इतकी मंडळी आहेत की गणपतीत ढोल ऐकू येतो. मीही इथलाच. बुलडॉग्सचं जुनं मैदान व्हिटन ओव्हल बार्कली स्ट्रीटवर आहे, आणि त्याच रस्त्यावर पुढे मी कढीपत्ता आणायला जातो. मी या क्लबचा फॅन झालो तो फक्त पत्त्यामुळे. यात काही थोर कारण नाही.

आता मुद्द्यावर येऊ. सत्तरच्या दशकाच्या शेवटापासून खेळाडूंचे पगार वाढत गेले, पण एका शहरात इतके क्लब पोसायला पैसा कुठून येणार? पहिला बळी साउथ मेलबर्न. १८७४ चा क्लब, १९८२ मध्ये बाडबिस्तरा बांधून सिडनीला. 'साउथला साउथमध्येच ठेवा' म्हणत सभासदांनी लढा दिला, पण खेळाडूंचे पैसे थकलेले होते आणि बरेच खेळाडू जायच्याच बाजूने होते. पगार थकला की काय होतं ते आयटीवाल्यांना वेगळं सांगायला नको.

मग १९८९. त्या वर्षीची फायनल होऊन आठवडाही झाला नव्हता आणि बातमी फुटली: फूट्सक्रे आणि फिट्झरॉय एकत्र होणार, नाव 'फिट्झरॉय बुलडॉग्स'. एकाचं नाव, दुसऱ्याचा कुत्रा. मी दिवसभर ब्रँच मर्ज करतो. कोडमध्ये मर्ज करताना निदान स्क्रीनवर दिसतं की कुठली ओळ राहणार आणि कुठली उडणार. इथे सभासदांना ते बातम्यांतून कळलं.

पुढचं म्हणजे आमची लाडकी गोष्ट. आयरीन चॅटफिल्ड नावाची एक साधी सभासद. तिच्या नावाने सुप्रीम कोर्टात केस उभी राहिली. इथे सुप्रीम कोर्ट म्हणजे राज्याचं वरिष्ठ कोर्ट, आपल्या हायकोर्टासारखं. लढ्याच्या पुढे होता पीटर गॉर्डन, पश्चिमेतलाच वकील, ॲसबेस्टॉसने आजारी पडलेल्या कामगारांच्या केसेस लढणारा. कोर्टातून वेळ मिळाला, पण अट जबरी: साधारण तीन आठवड्यांत १५ लाख डॉलर उभे करा. हजारो लोक मैदानात जमले. डबे खुळखुळवत लोक दारोदार फिरले. पेन्शनवाल्यांनी नोटा दिल्या, पोरांनी खाऊचे पैसे. आणि पैसे जमले! क्लब वाचला.

२०१६ मध्ये तोच क्लब सातव्या नंबरावरून येऊन फायनल जिंकला. सिडनीला २२ पॉइंट्सनी हरवलं, एमसीजीवर ९९,९८१ लोक. १९५४ नंतरची पहिली फ्लॅग, ६२ वर्षांनी. कोच ल्यूक बेव्हरिजने आपलं मेडल काढून बॉब मर्फीच्या गळ्यात घातलं. तो कॅप्टन, पण गुडघ्याच्या दुखापतीमुळे फायनलला बाहेर. क्लबचा अध्यक्ष त्या दिवशीही पीटर गॉर्डनच होता. हा व्हिडिओ मी किती वेळा बघितलाय ते सांगत नाही.

आता सोयीस्कर भाग. आम्ही म्हणतो, "आमचं क्लबवर प्रेम होतं म्हणून क्लब वाचला." मग फिट्झरॉयच्या लोकांचं प्रेम नव्हतं?

हा क्लब लीगच्या पहिल्या आठातला. आठ फ्लॅग जिंकलेल्या, फूट्सक्रेची तेव्हा फक्त एक. पण १९६६ नंतर फिट्झरॉयला स्वतःचं घरच राहिलं नाही. ब्रन्सविक स्ट्रीटचं मैदान सुटलं आणि मग भाडेकरूसारखी फिरती: कार्लटनकडे, सेंट किल्डाकडे, कॉलिंगवूडकडे. ज्यांनी पुण्या-मुंबईत अकरा महिन्यांच्या ॲग्रीमेंटवर दिवस काढलेत त्यांना कळेल. दर वेळी सामान हलवलं की काहीतरी मागे राहतं. इथे फॅन मागे राहत गेले. आणि शेवटचं भाड्याचं घर कोणतं होतं, माहितीये? १९९४ ते १९९६, फूट्सक्रेचं मैदान. ज्यांच्याशी लग्न मोडलं त्यांच्याच घरात पोटभाडेकरू.

कर्ज होतंच, त्यातलं एक मोठं कर्ज नाऊरूच्या सरकारी विमा कंपनीचं. पॅसिफिकमधलं एवढंसं बेट. १९९६ मध्ये प्रशासक बसला. नॉर्थ मेलबर्नशी एकत्र यायचं जवळपास ठरलं होतं, पण तो संघ फार तगडा होईल या भीतीने बाकीच्या क्लबांनी मोडता घातला. मग ब्रिस्बेन बेअर्सशी मर्ज. शेवटची मॅच १ सप्टेंबर १९९६ ला, तीही मेलबर्नमध्ये नाही, दूर पर्थमध्ये, फ्रीमँटलविरुद्ध. ८६ पॉइंट्सनी हरले. त्या सीझनमध्ये त्यांनी एकच मॅच जिंकली होती, तीही याच फ्रीमँटलविरुद्ध, फूट्सक्रेच्या मैदानावर. मी त्या मैदानावरून चालत जातो तेव्हा हे डोक्यात येतंच.

माझं मत असं: १९८९ ला आम्ही वाचलो ते प्रेमाने, पण नुसत्या प्रेमाने नाही. आमच्याकडे स्वतःचं मैदान होतं. डबे घेऊन कुठल्या गल्लीत फिरायचं हे ठाऊक होतं, कारण क्लबचे लोक एकाच भागात राहत होते. वकील होता, कोर्ट होतं, तीन आठवडे होते. फिट्झरॉयची माणसं शहरभर विखुरलेली. हे बोललं की माझे बुलडॉगवाले मित्र चिडतात. चिडू देत.

आणि आम्ही तरी पूर्ण वाचलो का? १९९७ च्या सीझनपासून आमचं नाव 'वेस्टर्न बुलडॉग्स' झालं. कोर्टात जे नाव राखलं ते मार्केटिंगमध्ये गेलं. फूट्सक्रे हे नाव आता आमच्या दुसऱ्या फळीच्या संघाला आहे.

उलटी बाजूही सांगायला हवी, नाहीतर ही नुसती रडगाथा होईल. सिडनीला गेलेल्या साउथने २००५ मध्ये ७२ वर्षांचा दुष्काळ संपवला. कोच कोण? पॉल रूस, फिट्झरॉयचा जुना कॅप्टन. ब्रिस्बेन लायन्स २००१, २००२, २००३ सलग जिंकले, आणि अलीकडे २०२४ आणि २०२५ लाही. फिट्झरॉयचे काही म्हातारे फॅन त्यांना आपलं मानतात, काहींनी १९९६ नंतर फूटी बघणंच सोडलं. दोघांशीही वाद घालायची माझी हिंमत नाही. फिट्झरॉय स्वतः २००९ पासून हौशी लीगमध्ये खेळतंय, त्याच ब्रन्सविक स्ट्रीटच्या मैदानावर. घर मिळालं, पण केव्हा!

१९९६ मध्येच मेलबर्न आणि हॉथॉर्न मर्ज होणार होते. सभासदांचं मतदान झालं. मेलबर्नवाले 'हो' म्हणाले. हॉथॉर्नच्या सभेत माजी कॅप्टन डॉन स्कॉटने प्रस्तावित जर्सीवरचा ससाणा टराटरा काढून दाखवला. वेल्क्रोने चिकटवलेला होता! खाली उरली मेलबर्नची जर्सी. हॉथॉर्नने 'नाही' म्हटलं आणि पुढे २००८, २०१३, २०१४, २०१५ अशा चार फ्लॅग जिंकल्या. आणि 'हो' म्हणून बसलेलं मेलबर्न २०२१ मध्ये जिंकलं. कोणाला हरवून? आम्हाला. ७४ पॉइंट्सनी. कागदावर पुसले गेलेले दोन क्लब फायनलमध्ये समोरासमोर, आणि मी सोफ्यावर डोकं धरून.

आता हे सगळं सीझनच्या तोंडावर का? कारण टास्मानिया येतंय. १९वा संघ, लायसन्स २०२३ मध्ये मिळालं, लक्ष्य २०२८. होबार्टमध्ये छताचं नवं स्टेडियम बांधायच्या अटीवर. २०२४ मध्ये दहा डॉलरची संस्थापक मेंबरशिप काढली, तर दोन लाखांच्या वर लोकांनी घेतली. राज्याची लोकसंख्या पावणेसहा लाखांच्या आसपास! अर्थात बाहेरच्यांनीही घेतली, मीसुद्धा. पीटर हडसन, डॅरेल बाल्डॉक, रॉइस हार्ट असे दिग्गज दिलेल्या राज्याला स्वतःचा संघ नसणं आणि मेलबर्नच्या क्लबांनी तिथे जाऊन 'होम मॅच' विकणं, हे चूकच होतं.

पण संघ वाढले की ऑफिसातलं कोणीतरी म्हणतंच, "एकट्या मेलबर्नमध्ये नऊ क्लब जरा जास्तच होतात, नाही का?" हे वाक्य १९८९ लाही असंच शांतपणे, चहा पिता पिता कोणीतरी म्हटलं असणार. तेव्हा माझी विनंती एवढीच: या वर्षी मेंबरशिप घेताना सभासदाला मतदानाचा हक्क आहे का, ते बारीक अक्षरात वाचा. मी चार वर्षं स्कार्फच्या रंगावरून पॅकेज निवडत होतो. आत्ता कुठे मतदानाचं वाचलं.

पुढच्या एपिसोडला भेटू. शनिवारी मॅच आहे, आणि तिकीट अजून काढायचंय.