शेतसाऱ्याबरोबर आलेले शब्द

राज्यें लयास जातात, परंतु त्यांचे शब्द लोकांच्या जिभेवर मागें राहतात. यवतमाळ जिल्ह्याचें नांवच पाहावें. मूळ गांव 'यवत', आणि त्यापुढील 'माळ' हें 'महाल' ह्या अरबी शब्दाचें रूपांतर, असें मानलें जातें. येथें महाल म्हणजे राजवाडा नव्हे, तर वसुलासाठीं पाडलेला मुलखाचा विभाग होय. अकबराच्या कारकीर्दींत लिहिलेल्या 'ऐन-ए-अकबरी' ह्या फारसी ग्रंथांत 'योत-लोहारा' अशी ह्या भागाची नोंद आहे. त्यांतील लोहारा आजही यवतमाळच्या शेजारींच आहे.

वऱ्हाडांत प्रथम एलिचपूरची इमादशाही व नंतर अहमदनगरची निजामशाही होऊन गेली. १५९६ सालीं तो प्रांत मोगलांकडे गेला व पुढें हैदराबादच्या निजामाच्या सत्तेखालीं आला. दरबार पालटले, पण दप्तराची परिभाषा बहुतेक फारसी-अरबीच राहिली. १८५३ सालीं इंग्रजांनीं वऱ्हाडचा कारभार हातीं घेतला, तेव्हां त्यांनींही ती मोडली नाहीं.

हिंदी व उर्दू बोलणाऱ्यांच्या नित्य परिचयाचे कित्येक शब्द ह्याच वाटेनें मराठी शेतकऱ्याच्या घरांत आले. 'जमीन', 'साल', 'हंगाम' हे फारसी. 'मौजा', 'तालुका', 'तहसील' हे अरबी. तहसील म्हणजे गोळा करणें, आणि 'वसूल' म्हणजे येऊन पोचणें. एकांत घेणाऱ्याचा हात दिसतो, दुसऱ्यांत पैशाचा प्रवास. 'इजारा' म्हणजे भाडेपट्टा. इंग्रजी अमलांत पडीक जमीन लागवडीस आणण्याकरितां गांवें इजाऱ्यानें दिलीं गेलीं, आणि ह्या जिल्ह्यांतील कांहीं गांवांच्या नांवांस तो शब्द अद्याप चिकटलेला आहे.

'खरीप' व 'रब्बी' ह्यांचा मूळ अर्थ अनुक्रमें शरद आणि वसंत. हीं नांवें पेरणीवरून नव्हे, तर पीक हातीं येण्याच्या ऋतूवरून पडलीं. कारण सारा मागणाऱ्याचें लक्ष पेरणीपेक्षां कापणीकडे अधिक असतें.

कांहीं शब्दांनीं मात्र येथें येऊन नवा संसार थाटला. फारसींत 'हफ्त' म्हणजे सात. संस्कृत 'सप्त' ह्याचेंच तें भावंड. त्यावरून झालेला 'हफ्ता' हिंदी-उर्दूंत आठवडा आहे. मराठींत त्याचा 'हप्ता' होऊन कर्जफेडीचा भाग बनला. अरबी 'गरीब' म्हणजे परका, परदेशी. घरदार सोडून आलेल्यास आधार नसतो, म्हणून परक्याचा निर्धन झाला असावा.

हे शब्द काढून टाकण्याचा प्रयत्नही जुनाच आहे. शिवाजी महाराजांच्या आज्ञेवरून रघुनाथ पंडितांनीं 'राजव्यवहारकोश' रचला व फारसी-अरबी शब्दांस संस्कृत प्रतिशब्द दिले. पेशव्यास 'पंतप्रधान' हें नांव मिळालें. तथापि पुढील पिढ्यांनीं त्या पदाला 'पेशवा' ह्याच फारसी नांवानें ओळखलें. कोशाची आज्ञा मोठी खरी, पण वहिवाट तिच्याहून मोठी ठरली.

आतां 'रयत' हा शब्द घ्यावा. मूळ अरबींत रयत म्हणजे राखणीस दिलेला कळप. प्रजेस मेंढरांची उपमा कोणास रुचणार नाहीं. परंतु कळप म्हटला कीं राखणारा आला, आणि त्याच्यावर चारा-पाण्याची जबाबदारीही आली. बी-बैलांसाठीं सरकार शेतकऱ्यास जें कर्ज देई, त्याचें नांव 'तगाई'. तिच्या मुळाशीं बळ देणें हा अर्थ आहे. म्हणजे ज्या दप्तरानें 'वसूल' शिकविला, त्याच दप्तरानें 'तगाई'ही शिकविली. पहिला शब्द राज्यकर्त्यांच्या सहसा विस्मरणांत जात नाहीं. दुसऱ्याची आठवण मात्र प्रत्येक दुष्काळांत रयतेलाच करून द्यावी लागली आहे. शब्द परका कीं आपला, हा वाद विद्वानांनीं सुखेनैव करावा. पण ज्या शब्दांत राज्यकर्त्याचें कर्तव्य लिहिलेलें आहे, तो टाकून देण्यापूर्वीं त्याचा अर्थ तरी वाचला पाहिजे.